थंडी वाजून ताप आला, आता पुढे काय? मलेरियाची तपासणी, औषधं आणि डासांचा बंदोबस्त

पावसाळ्यात ताप आला की बहुतेक घरांत ठरलेला क्रम असतो. पहिल्या दिवशी पॅरासिटामॉल, दुसऱ्या दिवशी काढा, तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याने सुचवलेलं अँटिबायोटिक आणि चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे धाव. "ताप उतरतो, पण पुन्हा चढतो हो," ही तक्रार तोवर ठरून गेलेली असते. मलेरियात खरी किंमत मोजावी लागते ती या वाया गेलेल्या दिवसांची. औषधं स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि वेळेवर घेतली तर चांगला गुण देतात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा (स्लाइड) वाचतो, म्हणजे डॉक्टर नाही. तेव्हा खाली दिलेले डोस आपल्याला काय दिलंय ते कळावं म्हणून आहेत, स्वतःच्या मनाने सुरू करण्यासाठी नाहीत. पण कोणत्या चुकांमुळे साधा मलेरिया अवघड होतो, हे लॅबच्या खिडकीतून फार स्पष्ट दिसतं.

शरीरात नेमकं काय होतं

मलेरिया म्हणजेच हिवताप. तो प्लाझमोडियम नावाच्या परजीवीमुळे होतो आणि ॲनाफिलीस जातीच्या डासाची मादी चावल्यावर पसरतो. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार सापडतात, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. रिपोर्टवर त्यांनाच पीव्ही आणि पीएफ लिहितात.

डास चावला की परजीवी आधी यकृतात जातात. तिथे आठवडाभर किंवा जास्त काळ गुपचूप वाढतात आणि मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतात. पेशीत वाढ पूर्ण झाली की पेशी फुटते, नवे परजीवी बाहेर पडतात, आणि हुडहुडी भरते ती त्याच वेळी. हे चक्र साधारण ४८ तासांचं, म्हणून जुनी माणसं एकाआड एक दिवस येणाऱ्या तापाबद्दल बोलायची. चावल्यापासून ताप येईपर्यंत फाल्सिपेरममध्ये साधारण ९ ते १४ दिवस जातात, व्हायवॅक्समध्ये १२ ते १७, कधी कधी कित्येक महिनेही. त्यामुळे "काल रात्री खूप डास चावले, म्हणून आज ताप आला" हा हिशेब मलेरियात बसत नाही. दोन-तीन आठवड्यांपूर्वी कुठे झोपला होतात, ते आठवा.

व्हायवॅक्सची आणखी एक खोड आहे. त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. रक्तातले सगळे मेले, ताप गेला, माणूस कामावर रुजू झाला, तरी आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हे जागे होतात आणि आजार उलटतो. नवा डास चावायची गरजच नसते. फाल्सिपेरम असा झोपत नाही, पण तो जास्त घातक. त्याने ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं यांचा रक्तपुरवठा अडतो.

लक्षणं: पुस्तकातली आणि घरातली

पुस्तकात तीन टप्पे असतात. आधी दात वाजवणारी थंडी, दोन-तीन गोधड्या घेऊनही न जाणारी. मग अंग भाजून काढणारा ताप, डोकेदुखी, उलट्या. शेवटी दरदरून घाम आणि एकदम हलकं वाटणं. हे असं दिसलं तर ओळखायला सोपं, पण पहिल्या काही दिवसांत ते असं दिसेलच याची खात्री नाही. ताप रोज येऊ शकतो, दिवसभर राहू शकतो, थंडी अजिबात नसूही शकते. लहान मुलांत तर उलट्या, जुलाब, खोकला आणि मलूलपणा एवढंच दिसतं आणि घरचे 'पोट बिघडलंय' म्हणून मोकळे होतात.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मधला बरा दिवस. घाम येऊन ताप उतरला की माणूस जेवतो, फिरतो, "गेला व्हायरल" म्हणतो. तपासणीला जायला खरं तर तो दिवस अगदी सोयीचा असतो, आणि नेमका तोच हुकतो. म्हणून लक्षणांवरून मलेरिया आहे की डेंग्यू की टायफॉइड, याचा अंदाज बांधत बसू नका.

पहिला दिवस: रक्त द्या, मगच गोळीचा विचार

मलेरियाच्या भागात राहता किंवा तिथून येऊन काही आठवडे झालेत, आणि ताप आहे? तर त्याच दिवशी रक्त तपासा. मुंबईत पालिकेचे दवाखाने आणि 'आपला दवाखाना', गावात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र, पाड्यावर आशाताई. आशाताईंकडे बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी झटपट चाचणीची किट असते. पैसे लागत नाहीत. उपाशी राहावं लागत नाही. थंडी भरलेली असतानाच रक्त द्यावं असा समज आहे, पण त्यासाठी थांबू नका; ताप उतरलेला असतानाही परजीवी काचेवर सापडतात.

रक्त देण्याआधी मलेरियाची गोळी मात्र घेऊ नका. उरलेल्या पट्टीतल्या दोन क्लोरोक्विन घेऊन आलेल्या माणसाच्या काचेवर परजीवी इतके कमी होतात की निदान हुकतं, आणि आजार मात्र बरा झालेला नसतो. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. पण डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांपासून लांब राहा, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तपासणी दोन प्रकारची. झटपट चाचणीत पट्टीवर रेघा उमटतात. किटवर लिहिलेल्या वेळेलाच, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, ती वाचायची. कंट्रोलची, म्हणजे किट नीट चालली हे सांगणारी, रेघच आली नाही तर चाचणी बाद, दुसरी किट घ्यायची. फाल्सिपेरमची रेघ आजार बरा झाल्यावरही काही आठवडे येत राहू शकते. त्यामुळे औषध पूर्ण केल्यावर 'गेला का बघू' म्हणून ही चाचणी करून घाबरू नये; त्यासाठी काच लागते.

आता काचेविषयी थोडं सविस्तर, कारण माझा दिवस तिच्यातच जातो. एकाच काचेवर एक जाड थेंब आणि एक पातळ थर घेतात. जाड थेंबात तांबड्या पेशी फुटून जातात आणि परजीवी उरतात; थोड्या जागेत जास्त रक्त तपासलं जात असल्याने 'आहे की नाही' हे तिथे कळतं. पातळ थरात पेशी शाबूत असतात, म्हणून 'कोणता' हे तिथे कळतं. व्हायवॅक्सने पेशी फुगते आणि आतला परजीवी वेडावाकडा पसरलेला दिसतो. फाल्सिपेरमच्या बारीक नाजूक अंगठ्या असतात, कधी एका पेशीत दोन-दोन. आणि थोड्या जुन्या आजारात केळ्यासारखे वाकलेले जांभळट आकार दिसले की शंकाच उरत नाही. काच निगेटिव्ह म्हणण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली जाड थेंबाची किमान शंभर क्षेत्रं बघायची असा नियम आहे. पावसाळ्यात काचांचा ढीग पडतो तेव्हा हा नियम पाळणं किती जड जातं, ते बाहेर बसलेल्यांना दिसत नाही.

म्हणून एक निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे मलेरिया नाही, असं समजू नका. ताप चालूच असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा काच करा. दोन-तीन वेळा निगेटिव्ह आली की मग डॉक्टर दुसरीकडे बघतील. आणि काचेवर परजीवी कमी दिसले म्हणजे आजार सौम्य, असंही नाही. फाल्सिपेरमचे वाढलेले परजीवी आतल्या रक्तवाहिन्यांत चिकटून बसलेले असतात, बोटाच्या थेंबात ते येतच नाहीत.

रिपोर्ट हातात आला की दोनच गोष्टी बघा: पॉझिटिव्ह असेल तर पीव्ही आहे, पीएफ आहे की दोन्ही. पुढचं सगळं औषध त्यावर ठरतं. नुसतं 'एमपी (मलेरिया पॅरासाइट) पॉझिटिव्ह' लिहिलं असेल तर प्रकार विचारून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

एक इशारा विडालचा. तापात टायफॉइडसाठीची ही विडाल चाचणी थोडीफार पॉझिटिव्ह येणं आपल्याकडे नवीन नाही, आणि "मलेरियाही आहे, टायफॉइडही आहे" असं सांगून सलाइन लावलेले कितीतरी लोक भेटतात. प्लेटलेटचंही तसंच. मलेरियात प्लेटलेट पडतातच, कधी पन्नास हजारांच्याही खाली. मलेरियाचं औषध लागू पडलं की काही दिवसांत आपोआप वर येतात. रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवण्याची गरज सहसा पडत नाही. पपईच्या पानांचा रस मलेरियात काहीच करत नाही, फक्त तोंड कडू करतो.

औषधं: खरी परीक्षा ताप उतरल्यावर

व्हायवॅक्सला क्लोरोक्विन तीन दिवस. प्रौढ माणसाला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या. मुलांना वजनावर किंवा वयावर. सोबत प्रायमाक्विन रोज एकदा, सलग १४ दिवस, प्रौढाला साधारण १५ मिलिग्रॅम. दोन्ही जेवणानंतर, नाहीतर पोटात आग पडते. झोपलेल्या परजीवींना मारायचं काम प्रायमाक्विनच करतं.

गाडी अडते ती इथे. क्लोरोक्विनने दोन-तीन दिवसांत ताप जातो. पाचव्या दिवशी माणूस ठणठणीत होतो आणि सहाव्या दिवसापासून गोळी विसरतो. मग दिवाळीच्या सुमारास पुन्हा थंडी, पुन्हा तीच काच, आणि "आमच्या भागात डास फार झालेत" ही तक्रार. डास असतीलही, पण हा पाहुणा बहुधा घरातलाच. उपाय साधा: १४ चौकोन आखून कागद फ्रिजवर चिकटवा आणि गोळी घेतली की फुली मारा. गोळी देण्याची जबाबदारी रुग्णावर टाकू नका, घरातल्या दुसऱ्या कुणावर टाका.

प्रायमाक्विन सगळ्यांना चालत नाही. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. त्यांच्यात या गोळीने पेशी फुटतात. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आहे. रक्ताची साधी चाचणी मिळते, शक्य असेल तिथे आधी करून घ्यावी. नाही जमलं तर निदान एवढं लक्षात ठेवा: गोळी सुरू असताना लघवी कोका-कोलासारखी काळपट झाली, डोळे पिवळे पडले, ओठ निळसर झाले किंवा दम लागला तर गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा.

फाल्सिपेरमला क्लोरोक्विन देत नाहीत, कारण तो त्याला दाद देत नाही. त्यासाठी आर्टिमिसिनिन गटातलं औषध आणि त्याला दुसऱ्या औषधाची जोड, ज्याला एसीटी म्हणतात, ती तीन दिवस. आणि प्रायमाक्विनचा एकच डोस, जो रुग्णाच्या रक्तातून डासाकडे जाणारी साखळी तोडतो. एसीटीतल्या आर्टिमीथर-लुमेफँट्रीनच्या गोळ्या दूध किंवा थोडं तुपातेलाचं खाऊन घ्याव्यात, रिकाम्या पोटी त्या नीट शोषल्या जात नाहीत. आर्टिमिसिनिन चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने १९७०च्या दशकात एका जुन्या औषधी वनस्पतीतून वेगळं काढलं, २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. आजही गंभीर मलेरियातलं हुकमी औषध याच घराण्यातलं आहे, आर्टिसुनेटचं इंजेक्शन.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर डोस पुन्हा घ्यावा लागतो, विचारून घ्या. औषध सुरू करून ४८ तासांनंतरही ताप हटत नसेल तर वाट न पाहता परत जा. आणि बरे झाल्यावर तीन महिने रक्तदान नको.

वाट बघायची नाही अशी लक्षणं

रुग्ण असंबद्ध बोलतो, नीट जागा होत नाही, झटके येतात. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. श्वास जोरात चालतो. डोळे पिवळे होतात, लघवी काळपट किंवा अगदी कमी होते. उभं राहण्याचीही ताकद नाही. कुठूनही रक्त येतं. यातलं एकही दिसलं तर गोळ्यांनी भागणार नाही. इंजेक्शन असणारं, रुग्ण भरती करून घेणारं रुग्णालय हवं, तेही लगेच. रात्री दोन वाजता असलं तरी १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. फाल्सिपेरममध्ये लहान मूल सकाळी खेळून संध्याकाळी बेशुद्ध होऊ शकतं. व्हायवॅक्स 'सौम्य' म्हणून ओळखला जातो, पण त्यातही अशा केसेस होतात. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं मूल यांच्या बाबतीत तर साध्या तापालाही हीच घाई करा. गरोदरपणात मलेरियाने रक्त झपाट्याने कमी होतं, गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो.

डास: मुंबईचा वेगळा, गडचिरोलीचा वेगळा

मलेरियाचा डास डेंग्यूच्या डासासारखा दिवसा चावत नाही. तो अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. आणि गटारातल्या घाण पाण्यात तो शक्यतो वाढत नाही, त्याला तुलनेने स्वच्छ पाणी लागतं. म्हणूनच गटार साफ करून मलेरिया जात नाही.

शहरात मुख्य गुन्हेगार ॲनाफिलीस स्टीफेन्साय. त्याचं माहेर म्हणजे गच्चीवरची टाकी, विहीर, कारंजं, बांधकामावर काँक्रीट भिजवायचं (क्युरिंगचं) पाणी, लिफ्टचा खड्डा, पाणी साचलेलं तळघर. मुंबईला हे फार आधीपासून ठाऊक आहे: १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचा अहवाल दिला, त्यात बोट विहिरींकडे होतं. विहिरी झाकायच्या की बुजवायच्या यावरून तेव्हा धार्मिक भावनांपर्यंत वाद गेले. आज तोच वाद सोसायटीच्या सभेत टाकीच्या झाकणावरून होतो.

टाकी तपासायची रीत अशी. वर चढायला धड शिडी हवी, नाहीतर कुणी चढतच नाही. झाकण घट्ट बसतं का, त्याला फट आहे का, ते बघा. हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी बांधा. झाकण नवं आणि पाइप उघडा, हे चित्र मी फार पाहिलंय. मग पांढऱ्या वाटीने किंवा डावाने कडेचं पाणी हलकेच उचला आणि उजेडात धरा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी दिसली तर ती ॲनाफिलीसची. डोकं खाली करून तिरकी लटकणारी असेल तर दुसऱ्या डासाची. दोन्ही नकोतच. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी, पिंप रिकामी करून, कडा घासून, कोरडी करायची. हाच 'कोरडा दिवस'. जे पाणी रिकामं करता येत नाही, त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. हिवताप कार्यालय किंवा पालिका ते देते. धुराची गाडी आली की लोक खूश होतात, पण तो धूर उडते डास मारतो आणि अळ्यांना हातही लावत नाही. गाडीसाठी नगरसेवकाला केलेल्या फोनपैकी निम्मे टाकीच्या झाकणासाठी केले असते तर जास्त उपयोग झाला असता.

बांधकाम चालू असेल तर मजुरांच्या रक्ताची तपासणी ही ठेकेदाराची जबाबदारी समजा. मजूर मलेरिया 'आणतात' असं म्हणणं सोपं आहे, पण साचलेल्या पाण्याच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये जाळीशिवाय तेच झोपतात. गोव्यात बाहेरून येणाऱ्या मजुरांना आरोग्य कार्ड काढावं लागतं, ते याचसाठी.

गडचिरोलीत चित्र निराळं. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची हा जंगलाचा आणि ओढ्यांचा भाग, फाल्सिपेरमचं प्रमाण जास्त. तिथले डास वाहत्या ओढ्यांच्या कडेला आणि भातखाचरांत वाढतात. टाकीची जाळी तिथे काय करणार? तिथे कामाची ती घराच्या आतल्या भिंतींवरची फवारणी आणि औषध लावलेली मच्छरदाणी. फवारणीनंतर भिंत सारवली किंवा रंगवली तर औषध वाया जातं, म्हणून सारवण आधी उरका. मच्छरदाणी कमी धुवा, साध्या साबणाने, आणि सावलीत वाळवा. ऊन औषध मारतं. ती मासे धरायला किंवा कोंबड्यांवर टाकायला वापरू नका, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

खरी अडचण मच्छरदाणी घरात राहते आणि माणूस बाहेर असतो, ही. धानाच्या जागलीला शेतातल्या माचीवर, तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलातल्या मुक्कामात, लग्नाच्या मंडपात. या रात्री जाळी सोबत न्यायची सवय लागली तर आणखी फवाऱ्यापेक्षा जास्त फरक पडेल असं मला वाटतं. जाळी नेता येत नसेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या अंगाला डास पळवणारं मलम, हे तरी.

आफ्रिकेला जाणारे आणि लशीची बातमी

नायजेरिया, टांझानिया, मोझांबिक अशा देशांत कामाला किंवा जहाजावर जाणाऱ्या आपल्या मुलांना आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमचा अंदाज नसतो. जगातला बहुतेक मलेरिया आणि त्याचे मृत्यू तिथेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. निघण्याआधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्या घ्या: मेफ्लोक्विन, डॉक्सिसायक्लिन किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. आपल्या तब्येतीला आणि मुक्कामाला कोणती, ते डॉक्टर ठरवतात. यांतल्या काही परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या असतात. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर दवाखान्यात पाय ठेवताच "मी आफ्रिकेहून आलोय" हे पहिलं वाक्य बोला, कारण डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.

लशीबद्दल हल्ली खूप विचारणा होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आरटीएस-एस आणि २०२३ साली आर-२१ या लशींची शिफारस केली. आर-२१ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. पण दोन्ही फाल्सिपेरमविरुद्ध आहेत आणि आफ्रिकेत मलेरिया जास्त असलेल्या भागांतल्या लहान मुलांसाठी वापरल्या जातात. मुंबईतल्या प्रौढाला व्हायवॅक्सपासून त्या वाचवणार नाहीत, तेव्हा त्यासाठी दवाखान्यांत चौकशी करत फिरण्यापेक्षा आज संध्याकाळी गच्चीवर जाऊन टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळी आहे का ते बघा.